जमनाक्काचे हात

बसा इथंच. चंदना, तो फोन पालथा ठेव. ऋतुराज, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मध्ये हसलास तर मी उठून झोपायला जाईन. ही गोष्ट ऐकीव नाही. पीण्याच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर रघुजी होता, त्यानं स्वतः सांगितलेली. त्या माणसाला थाप मारायची तर घाम फुटायचा.

साल अठ्ठ्याण्णव, नवरात्रातली अष्टमीची रात्र. कामावरून येताना रघुजी मेडिकलमध्ये शिरला, बायकोसाठी मलम घ्यायला. जमनाक्काच्या हातांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. दुकानदार म्हणाला, साबण बदलून बघा. रघुजी 'सरी', बरं, म्हणाला आणि निघाला. दुसरं काय सांगणार होता तो?

त्यांची एकुलती एक लेक संयोगिता. श्रावणात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. चांगलं झालं. पोर उठून बसली, नर्सशी कन्नडात चेष्टामस्करी करू लागली, सुई दिसली की 'साकु, साकु', म्हणजे पुरे, पुरे. आता आपल्या घरांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, देवीचा अंगारा एकट्यालाच लावायचा नाही. जमनाक्का रोज सकाळी सबंध वॉर्डाला लावायची, त्याच अंगठ्यानं. कोपऱ्यात एक म्हातारी होती, टाके चिघळलेली, जवळ कुणी नसलेली. तिची पट्टी सरकली की जमनाक्काच नीट बसवायची आणि तशीच लेकीकडे यायची. बाई असावी तर अशी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणालो होतो.

मग संयोगिताला ताप भरला. टाके लाल झाले, पू आला. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. डॉक्टर मनस्विनीनं पू तपासायला पाठवला. एकेक औषध घालून बघितलं, जंतू मरेनातच. ती नवराबायकोला घेऊन बाकावर बसली आणि नीट समजावून सांगितलं. हॉस्पिटलात रोज इतकी औषधं दिली जातात, त्यातूनही जे जंतू तगतात त्यांना मग ती लागूच पडत नाहीत. कुणाच्या हातून आले सांगता येत नाही, नर्सच्या हातून आले असतील, माझ्याही हातून असतील, असं ती म्हणाली. यापुढे मात्र हात धुतल्याशिवाय पोरीला शिवू नका.

जमनाक्कानं त्यातलं एवढंच ऐकलं. हात.

शेवटच्या संध्याकाळी संयोगिता म्हणाली, "आई, हात दे की गं."

जमनाक्का वऱ्हांड्याच्या टोकाच्या नळाकडे धावली. धुतले. पुरेसं वाटेना. परत साबण लावला, परत धुतले. ती आली तेव्हा पोर गेली होती.

फार वाईट झालं रे.

तेव्हापासून जमनाक्का कुणाला शिवली नाही. नवऱ्याचं ताट जमिनीवरून सरकवायची. शेजारणीचं बाळ आलं की हात पदरात लपवायची. दिवसभर मागच्या नळावर हात घासायची. स्वतःच्या हातानं घास घ्यायचीही तिला किळस यायची. नुसती वाळत चालली होती. रघुजी मला म्हणायचा, अण्णा, पोर गेली, आता हीही जाणार.

तर त्या रात्री तो मलम घेऊन गल्लीत आला. करंट गेलेला. घरात काळोख. मागचा नळ चालू होता.

त्यानं मेणबत्ती लावली. मागच्या दारी गेला. जमनाक्का हात घासत होती. पुटपुटत होती. "आले गं... धुतेय... आलेच..."

कुणाशी बोलतेस, असं तो विचारणार होता.

नळ बंद झाला.

तिनं केला नव्हता. तिचे दोन्ही हात साबणात होते.

मग आतल्या खोलीतून...

"साकु, आई. पुरे. ये आता."

जमनाक्का उठली. हात तसेच फेसाळ. त्याच्या अंगावरून गेली, आत. लेकीच्या खाटेवर बसली. हात पुढे केला.

खाट रिकामी होती. गादी दबलेली होती.

रघुजी उंबऱ्यात उभा. मेणबत्ती विझली. नंतर काही नाही... फक्त जमनाक्काचं रडणं. हळू. लेकराला थोपटताना रडावं तसं.

सकाळी रघुजीला जाग आली ती कपाळावरच्या हातानं. खरखरीत, भेगाळलेला हात. जमनाक्का म्हणाली, उठा, मला भूक लागलीय. तिच्या उजव्या मनगटावर चार बोटांचे तांबडे वळ होते. मनगट कढत लागलं, ताप असावा म्हणून रघुजीनं तिला डॉक्टरकडे नेलं. ताप नव्हता. वळ काही गेले नाहीत, आणि तिनंही कधी मनगट झाकलं नाही.

परवाच्या मार्गशीर्षात जमनाक्का गेली. शेवटचं न्यायच्या आधी मी तिचे हात उचलून छातीवर ठेवले. अंग बर्फासारखं गार पडलेलं. चेहरा गार, बोटं गार.

ते मनगट मात्र... तापात असल्यासारखं भाजत होतं.