ओटीतले पाच दाणे

माणिकप्पांची सगळी हयात शेतं मोजण्यात गेली. मोजणीदार माणूस, साखळी पोचते तिथवर शिवार, त्यापलीकडच्या भुताखेतांना त्यांच्या नकाशात जागा नव्हती. निवृत्त झाल्यावर मुरुम गावच्या चार मंडळींनी ब्रह्मदेशाच्या सहलीची टूम काढली. देश पर्यटकांना नुकताच मोकळा झाला होता. गर्दी व्हायच्या आत बघून येऊ, म्हणून तेही बायकोला घेऊन निघाले.

मथुराबाईंचं मन मात्र लेकीत गुंतलेलं. हर्षालीचे दोन गर्भ गेले होते आणि आता तिसऱ्यांदा पाचवा महिना चालू होता. दिसेल त्या देवाला साकडं घालायचं म्हणून बाईंनी खण, नारळ आणि घरच्या खपली गव्हाची पुरचुंडी बरोबर घेतली होती.

देश मोठा श्रद्धाळू. सकाळी अनवाणी भिक्षूंची रांग निघायची आणि बाया दारात भाताचं पातेलं घेऊन उभ्या राहायच्या. त्यांच्या गालांवर चंदनासारखा पिवळट लेप असे. सोन्याचा वर्ख लावून लावून बुद्धाच्या मूर्तीची बोटंसुद्धा बुजून गेली होती. माणिकप्पांना तिथली शांतता फार आवडली.

एका पॅगोड्याच्या मागं, झाडाखाली, लाकडाची एक बाई बसवलेली होती. दिवस भरलेलं पोट, अंगावर वर्खाचे तुकडे. लोक तिच्यापुढं भात ठेवत आणि लगेच पाठ फिरवत. मथुराबाईंनी पोट बघितलं आणि आपल्याकडची कुठलीही बाई करील तेच केलं. हळदीकुंकू लावलं, खण-नारळ ठेवला, मांडीवर खपलीची ओंजळ ओतली.

"लई लांबची हाईस गं बाई," त्या म्हणाल्या, "पर आमचं घर माहेर समज. बाळंतपणाला ये. माझ्या लेकीला तेवढी सांभाळ."

ओटी घेणारीनं पाच दाणे परत द्यायचे असतात, देणारीचं घर भरलेलं राहावं म्हणून. लाकडाची बाई काय देणार? ते तेवढं राहून गेलं.

गाईड पोरीचा चेहरा उतरला. काकी काय बोलल्या, असं तिनं मोडक्या हिंदीत माणिकप्पांना विचारलं. हिला कुणी बोलवत नाही, ती म्हणाली. बाळंतपणाला माहेरी गेली, माहेरानं दार उघडलं नाही, ओसरीवरच जीव गेला. म्हणून हिला भात द्यायचा आणि तोंड फिरवायचं.

"काही नाही, नमस्कार केला," माणिकप्पा म्हणाले. बायकोलाही त्यांनी काही सांगितलं नाही. उगं जिवाला घोर कशाला.

आठव्या महिन्यात हर्षाली माहेरी आली. चारच दिवसांत चंदन उगाळायची सहाण ओली सापडली, तिच्यावर पिवळट लेप. घरात चंदन नव्हतं.

"आई, दुपारी माझी पाठ तू चोळत होतीस?" हर्षालीनं विचारलं. "हात लई गार होते तुझे."

"म्या तर शेजारच्या कोंडाबाईकडं शेवया करायला गेल्ते."



दुसऱ्या दिवशी अंगणातल्या धुळीत अनवाणी पावलं दिसली. टाचा खोल रुतलेल्या, ओझं घेऊन चालणारीच्या. माणिकप्पांनी टेप आणून मोजली. फाटकापासून ओसरीपर्यंत अकरा पावलं, सगळी आत येणारी. माघारी जाणारं एकही नव्हतं.

गाईड पोरीचं बोलणं त्यांना आठवलं. मथुराला सांगावं, असं जिभेवर आलं. पण बाळंतपण तोंडावर. पोरीनं धसका घेतला तर? होऊ दे, मग सांगू.

कळा सुरू झाल्यावर हर्षालीला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. दोन तासांनी डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या.

"मुलगी झाली. आईचे ठोके थांबले होते. आम्ही आशा सोडली होती, पण आली माघारी."

मथुराबाईंनी तिथंच हात जोडले. माणिकप्पांना रडू फुटलं.

सव्वा महिन्यानं जावई गाडी घेऊन आले. हर्षालीची तब्येत चांगली भरली होती. बोलायची मात्र कमी.

"तुम्ही लई केलंत माझं," ती आईला म्हणाली.

"बघा अवो," मथुराबाई हसल्या, "जन्मभर अगं-तुगं केलं, आता पोरीची आई झाल्यावर मान द्यायला शिकली."

त्यांनी लेकीची ओटी भरली. खपली संपत आली होती म्हणून तांदळानं भरली.

हर्षालीनं मूठ पुढं केली आणि आईच्या पदरात दाणे सोडले.

माणिकप्पा शेजारीच उभे होते. पाच दाणे. तांदूळ नव्हे, खपली. दोन दाण्यांना सोन्याचा वर्ख चिकटलेला.

त्यांनी वर पाहिलं. हर्षाली त्यांच्याकडंच बघत होती. कडेवर बाळ होतं.

माणिकप्पांनी पाठ फिरवली.

गाडी सुरू झाली. मथुराबाईंनी दाणे न बघताच खपलीच्या डब्यात टाकले, लगबगीनं ओसरीवर आल्या आणि गाडीमागं हाक दिली,

"दुसऱ्या खेपंलाबी हितंच ये गं बाई."