सुलाईचा सण कोणता?

"अहो, ही थाळी दारातून हलवाल का?"

फुई लिन स्टुलावर चढून दुकानाच्या काचेत ईदची हिरवी तोरणं बांधत होती. तिनं खाली पाहिलं. चपलांच्या विभागात नवा आलेला उंच मुलगा. छातीवर नावाची पट्टी – सुलाई.

"का? गिऱ्हाइकांनी केक चाखायचा नाही? ईदचाच माल आहे."

"ईद यायचीय अजून. सध्या रोजे चाललेत. आपल्या कामावरची हसनाह रोजा धरून दिवसभर या दारात उभी, आणि तुमच्या लोण्याचा वास तिच्या नाकात…"

फुई लिन ओशाळली. उभा जन्म मलेशियात, या कुचिंग शहरात गेला, आणि एवढं सुचू नये? तिनं थाळी आत नेली.

याचेही रोजे असणार, असं धरून ती रोज संध्याकाळी त्याच्यासाठी खजूर ठेवू लागली. तो खजूर उचलायचा, तिच्याकडे बघायचा… आणि तिचं तोरण वाकडं व्हायचं.

घरी मात्र झोप उडाली. मुसलमानाशी लग्न म्हणजे धर्म बदलणं; कायदाच तसा. बुद्धापुढे उदबत्ती लावणारे बाबा काय म्हणतील? – पण लग्नाचं बोललंय कोण!

मग गुड फ्रायडेला सुलाईनंच मॅनेजरला सांगून सेलची धांगडधिंगा गाणी बंद करवली. आणि बुद्धाची वैशाख पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा त्यालाच म्हणाला, "फुई लिनला सुट्टी द्या. तिची ड्युटी मी करतो."

आता तिचं डोकंच चालेना. गोदामात तिनं त्याला गाठलं.

"तू नक्की कोण रे?"

"मेलानाउ जमातीचा. गाव मुकाह."

"ते नाही विचारत!"

"आमच्या घरात सगळेच आहेत. काका मुसलमान, आई कॅथलिक. मी आईबरोबर चर्चला जातो."

"मग… रोजे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नव्हतेच. पण तू इतक्या मायेनं खजूर ठेवलेस… नाही म्हणवेना. मग फुकटचे कसे खायचे? दुसऱ्या दिवसापासून धरले."

ती खळखळून हसली. हायसं वाटलं… आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

त्याच्या ते लक्षात आलं. "मी काकांसारखा असतो तर?"

"माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. "घाबरले असते. रडले असते. पण – तुझ्याजवळ येऊनच रडले असते."

त्यानं जवळचं एक खोकं तिला बसायला पुढं सरकवलं.

"उद्या पौर्णिमेला जेवायला ये," ती हळूच म्हणाली. "बाबांना भेट."

"आणि तुझी ड्युटी? ती मी करणार होतो ना?"

"हसनाह करतेय. तिला कालच विचारलंय मी."