अर्ध्या ग्लासवरची चकती

तळघराच्या पायऱ्यांखाली बिअरघराचा मालक म्हातारा ड्रेसन मान मोडून पडलेला सापडला, तेव्हा वर दालनात दुपारची जेवणं ऐन रंगात होती. निरीक्षक रोझवीटा फ्लेक पोचेपर्यंत गिऱ्हाइकांनी खुनी ठरवूनही टाकला होता.

वेटर माथेस. सकाळीच मालकानं त्याला सगळ्यांदेखत कामावरून काढलं होतं, आजचा दिवस भरून चालता हो म्हणाला होता आणि माथेसनं "बघून घेईन तुला" असं सुनावलं होतं. कोलोनच्या बिअरघरातला वेटर उद्धटच असायचा, गोड बोलला तर लोकांना चुकल्यासारखं होतं. पण आता तेच शब्द त्याच्या अंगाशी आले होते.

ड्रेसनची मुलगी मार्लीस हिनं माथेसच्या थोबाडीत मारली होती. बोटं गालावर उमटली होती. रोज त्याच्याच हातची बिअर पिणारे लोक त्याला बेड्या घाला म्हणत होते. आपण मागच्या अंगणात सिगरेट ओढत होतो, एवढंच तो सांगत होता. त्याला तिथं कोणीही पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी दार लावून घेतलं, तरी मंडळींचं पिणं थांबलं नव्हतं. मेल्याचं सुतक नाही न् जित्याची लाज नाही, असं फ्लेकच्या मनात आलं. दुसरा वेटर रिकामा ग्लास दिसेल तिथं न विचारता भरलेला ठेवत होता. कोपऱ्यातल्या जाड्या खाटकानं ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती काढून ग्लासवर झाकली. वेटर त्याच्याकडे न बघता पुढे गेला.

ड्रेसनचं टेबल खांबाआड, तळघराच्या दाराला लागून होतं. रक्ताचं सॉसेज आणि बटाटे अर्धेच खाल्लेले. ग्लासातली बिअरही अर्धी, आणि त्यावर चकती. समोर त्याचा जावई कोर्बिनियन. हा म्युनिकचा, इथं घरजावई. बिअरघर मोडून म्युनिकच्या धर्तीवर मोठं दालन उभारायचं त्याच्या मनात होतं आणि सासरा ते होऊ देत नव्हता. हे भांडण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"सासरे कशाला उठले?" फ्लेकनं विचारलं.

"पिंपं बघायला. जेवता जेवता."

"ग्लासवर चकती कोणी ठेवली?"

"त्यांनीच. आलोच, बिअर उचलू देऊ नका, म्हणाले."

"मग?"

"मग माथेस आला, त्यांच्यापुढे नवा ग्लास ठेवायला. खुर्ची रिकामी दिसली, तसा तळघरात घुसला. आता न्या त्या कुत्र्याला."

"तुम्ही जागचे हलला नाहीत?"

"हातातला काटासुद्धा खाली ठेवला नाही."

फ्लेकला त्याची चीड आली. ती याच गल्लीत वाढली होती.

"कोलोनमध्ये चकती ग्लासवर ठेवली, की त्याचा अर्थ पुरे झालं, आता आणू नको," ती म्हणाली. "मघाशी त्या खाटकानं ठेवली, वेटर फिरकला का त्याच्याकडे? ड्रेसन जन्मभर बिअरघर चालवत होते. परत येऊन पिणारा माणूस अर्ध्या ग्लासवर चकती ठेवेल? आणि चकती दिसत असताना माथेस नवा ग्लास घेऊन इथं येईलच कसा? चकती म्हणजे 'आलोच', ही रीत तुमच्या म्युनिकची. ती तुम्ही ठेवलीत. सासऱ्यामागून तुम्ही खाली गेलात, त्यांना ढकललंत आणि परत येऊन जेवायला बसलात. म्हातारा एकटाच उठून गेला असं दिसायला हवं होतं. माथेसची धमकी तर तुम्हाला आयतीच मिळाली."

"पुठ्ठ्याच्या तुकड्यावरून मला तुरुंगात घालणार?"

"पुठ्ठ्यावरही बोटं उमटतात. ड्रेसनची निघाली, तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

कोर्बिनियनचा चेहरा उतरला. मार्लीस त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा ओरडले का रे?"

"तुझा बाप मला जावई नाही, गडी समजायचा. रोज, याच टेबलावर."

"मी विचारलं ते सांग."

त्यानं हात शिपायापुढे केले. शिपायानं त्याच्या हातात बेड्या घातल्या.

मार्लीसनं माथेसची माफी मागितली, कामावर राहा म्हणाली. माथेसनं निळा एप्रन सोडून खुर्चीवर टाकला.

"तुमचा बाप गेलाय, बाई. तुमची थप्पड मी विसरेन," तो म्हणाला. "पण या लोकांना मी वीस वर्षं वाढतोय. हा असलं करणार नाही, असं एकजणही बोलला नाही."

तो दाराकडे निघाला.