ओवाळणीतला दाखला

बाथरूमचं दार तोडलं तेव्हा दहा वर्षांची इरा फरशीवर निपचित पडली होती. शॉवर चालूच होता आणि पाणी छान गरम होतं.

आखातातल्या खोर फक्कान शहरातल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मुलगी वाचली. आणि तिच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे, म्हणजे गॅस गिझरच्या धुरातला विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास.

दुसऱ्या दिवशी विजयकुमार हॉस्पिटलात लेकीपाशी थांबला आणि इराची आई अनुपमा घरी आली. ती शाळेत केमिस्ट्री शिकवायची, त्यामुळे वायू कुठून आला हे तिला कळत होतं. तो बाहेर का गेला नाही, एवढंच कळत नव्हतं.

पोलीस अधिकारी युसुफ यांना मात्र उत्तर सापडल्यासारखं वाटत होतं. गिझर कामवाल्या अन्वरीने पेटवला होता. तिचा पासपोर्ट त्यांनी नेला होता आणि चार वाजता तिलाही चौकीवर नेणार होते.

"दीदी, मैंने तो सिर्फ माचिस लगाई. आपने ही बोला था!" अन्वरीचं रडणं थांबत नव्हतं.

खरंच होतं ते. उन्हाळ्यात इथे छतावरच्या टाकीचं पाणीच अंग भाजतं, गिझरला विचारतो कोण! डिसेंबरची थंडी पडली म्हणून तो यंदा काल पहिल्यांदा पेटवला. त्याचा धूर छतावरच्या धुराड्यातून जायचा, आणि ते धुराडं तर दिवाळीतच कुशलने तपासलं होतं.

कुशल हा मेंटेनन्स कंपनीतला सुपरवायझर. रक्ताचा नव्हे, पण सात वर्षं अनुपमा भाऊबीजेला त्यालाच ओवाळत होती. इथल्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, सगळे पुण्याला गेले की घराची किल्ली त्याच्याकडेच असायची. यंदा त्याने तबकात एक कागद ठेवला होता. 'धुराडं तपासलं. स्वच्छ, मोकळं.'

"ताई, हीच ओवाळणी. स्वतः वर चढून आत हात घालून बघितलंय."

"बाहेरचा लायसन्सवाला माणूस बोलावू का एकदा?" असं विजयकुमार म्हणाला, तेव्हा अनुपमाला केवढा राग आला होता! घरचा भाऊ असताना परका कशाला?

तीन वाजता कुशल धापा टाकत आला.

"ताई, छतावर कुणी गेलं नाही ना? मी आधी बघून येतो."

"तू दमलायस. चहा घे. मीच जाते."

"अगं, वर नुसती वाळू आहे!"

ती गेलीच. धुराड्याचं तोंड काळ्या प्लास्टिकने गच्च झाकलेलं होतं, वर चिकटपट्टी. त्या प्लास्टिकवरून डिशची वायर दोनदा गुंडाळली होती. यंदा गणपतीत घरी मराठी चॅनेल दिसावेत म्हणून बसवलेली डिश. अनुपमाने प्लास्टिकचा कोपरा फाडला. आत वर्तमानपत्राचे बोळे होते, ११ जुलैचे.  तिने टाकीच्या नळावर तोंड धुतलं, खाली आली आणि धुराड्याबद्दल कुणाला काही बोलली नाही.

चारला युसुफ आले.

"सर, मी चेक केलं तेव्हा एकदम क्लिअर होतं," कुशल हिंदीत सांगू लागला. "नंतर कुणीतरी ते बंद केलं. कपडे वाळत घालायला वर ही अन्वरीच जाते."

"कुशल," अनुपमा म्हणाली, "धुराडं बंद आहे हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

कुशलने हातातला कप खाली ठेवला.

"अन्वरी आमच्याकडे नोव्हेंबरात आली. डिशची वायर सप्टेंबरात बांधली, आणि ती प्लास्टिकच्या वरून गेलीय. म्हणजे प्लास्टिक त्याआधीचं. आतला पेपर जुलैचा. जुलैत आम्ही पुण्यात होतो. किल्ली कुणाकडे होती?"

"ताई, कबुतरं आत शिरत होती. म्हणून मीच बंद केलं. काढायचं विसरलो गं."

"आणि दिवाळीत? आत हात घातलास तेव्हा स्वतः लावलेलं प्लास्टिक लागलं नाही हाताला?"



"वर गेलोच नाही. मंदी आली आणि कंपनीने आठवड्यात सगळे टेक्निशियन घरी पाठवले. खलास. चाळीस घरांचे फॉर्म माझ्या गळ्यात. गाडीत बसून भरले."

"माझ्या घराचाही?"

"तुझा सगळ्यात आधी. तू विचारणार नाहीस, माहीत होतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे अनुपमाला त्या क्षणी समजलं. माणूस ओळखीचा निघाला की आपण कागदच बघतो, धुराडं बघायला कुणी जात नाही. तिला त्याच्याइतकाच स्वतःचाही राग आला.

"विसरलास, कामचुकारपणा केलास, तेही मी रडून-भेकून पोटात घातलं असतं," ती म्हणाली. "पण इथे यायच्या आधीच तुला आठवलं होतं. म्हणून आधी वर जायची घाई. आणि हिच्यावर आळ घेताना तुझी जीभ अडखळली नाही."

"ताई, व्हिसा जाईल माझा. तू माझी बहीण ना?"

अनुपमाने कपाटातून तो दाखला काढला. त्यावर भाऊबीजेच्या कुंकवाचं बोट उमटलं होतं. आत्ताचं सगळं हिंदीत सांगून तिने तो युसुफ यांच्यापुढे ठेवला, आणि आधी अन्वरीचा पासपोर्ट परत मागितला.

पासपोर्ट देऊन युसुफ यांनी वही उघडली. "मॅडम, लिखना पड़ेगा. ये आपके कौन लगते हैं?"

कुशलने आशेने मान वर केली.

"भाई," अनुपमा म्हणाली. "लिखिए."