सारसाची मान कुणी पुसली?

"नूतन, पळ! सारसाची मान गेली!"

राजदीप सायकलवरूनच ओरडला आणि नूतन हातातला घास ताटात टाकून चौकाकडे धावली. साक्षी तिथं आधीच कपाळाला हात लावून उभी होती.

कुडवा गावच्या पाण्याच्या टाकीची ती लांबलचक भिंत! पेंटर बकारामकाकांनी मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस खपून तिच्यावर पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत उभी सारसांची जोडी काढली होती. सहावीतलं हे त्रिकूट रोज त्यांना रंग कालवून देत होतं. कालच चित्र पुरं झालं, आणि आज अर्ध्या भिंतीवर पांढराफटक चुना! नराचे नुसते पाय तेवढे उरले होते.

समोर छोटेलालची पानटपरी. फळीवर चुन्याचा डबा. नूतनचं डोकंच फिरलं.

"तुम्हीच पुसलं!" ती इतक्या जोरात किंचाळली, की अख्खा चौक गोळा झाला. "लोक चित्र बघतात, पान घेत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"अरे बेटा, वो तो मज़ाक में बोला था!" छोटेलाल गडबडून म्हणाला.

पण ऐकतो कोण? मोठी माणसं तरी काय शहाणी! कुणी भिंतीला बोट लावून पाहिलं नाही, की दोन शब्द विचारले नाहीत. संध्याकाळपर्यंत चौकानं निकालच लावून टाकला. छोटेलालनं सोमवारी टपरी उचलायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीनं भिंतीवर बोट घासलं. "ए, या चुन्यात नीळ आहे. पानाच्या चुन्यात कोणी नीळ टाकते काय?"

"आणि डबाभर चुन्यात एवढी भिंत कशी होईन?" राजदीप म्हणाला. "बादली लागते बादली!"

"असेल आणली बादली," नूतन पुटपुटली, पण तिचा तिलाच विश्वास बसेना.

"अर्धी भिंत राहिली आहे ना?" साक्षी म्हणाली. "ज्यानं केलं तो बाकीची करायला येईनच. आपण लपून बसू!"

भर दुपारी चौकात चिटपाखरू नव्हतं. तिघं टाकीमागे दबा धरून बसले. घामाच्या धारा लागल्या. तेवढ्यात सायकलला शिडी बांधून एक माणूस आला. त्यानं शिडी लावली, बादली घेतली, वरच्या कठड्यावर चढून बसला आणि निवांतपणे ब्रश बुडवला.

"आता!" राजदीप झेपावला आणि त्यानं शिडीच ओढून घेतली!

"अबे पोट्ट्या, सिडी ठेव!"

"आधी सांगा, चित्र काऊन पुसून राहिले?"

तो होता घनश्याम, जाहिराती रंगवणारा. सिमेंटच्या जाहिरातीसाठी भिंत पांढरी करायला त्याला कुणा ठेकेदारानं पाठवलं होतं; काल पहाटे अर्ध्यातच चुना संपला, म्हणून तो आज परत आला होता.

"मी काय चोर आहो?" तो वरूनच चिडून म्हणाला. "आमच्या पेंटर लोकायचा कायदा आहे. भिंत ज्याची, त्याचं नाव खालच्या कोपऱ्यात गेरूनं लिवलेलं राहते. नाव दिसलं का दुसरा हात लावत नाही. इथं कोपरा कोराच होता! बकारामचं नाव असतं, तर मी परतून गेलो असतो."

राजदीप आणि साक्षी कोपऱ्याकडे धावले. नूतन जागची हलली नाही.

कारण ते नाव तिनंच पुसलं होतं. चित्र पुरं झाल्यावर, संध्याकाळी, ओल्या फडक्यानं. सारसाच्या पायाशी ती तांबडी अक्षरं तिला घाण वाटली होती. काकांना विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. आणि त्यावर भरीस भर म्हणून ती भल्या माणसावर चौकात तुटून पडली होती! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

आरडाओरड ऐकून लोक जमले. बकारामकाका आले, छोटेलालही आला. घनश्यामला खाली उतरवून सगळा खुलासा झाला.

"वा रे पोट्टेहो!" काकांनी नूतनच्या पाठीवर थाप मारली. "पोलिसायले जमलं नसतं! पण माझं नाव पुसलं कोणं?"

आता गप्प बसलं असतं, तरी चाललं असतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण पाठीवरची ती थाप नूतनला सोसवेना.

"मी," ती खाली मान घालून म्हणाली. "मीच पुसलं, काका. छोटेलालकाकांचा काही दोष नाही."

जवळच्या दोघातिघांनीच ऐकलं. बकारामकाकांचा पाठीवरचा हात खाली आला. छोटेलाल मात्र तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बेटा, कल तो तू बहुत ज़ोर से बोली थी," तो हळूच म्हणाला. "आज इतना धीरे क्यों?"

नूतनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पळून जावंसं वाटलं. पण तिनं नाक पुसलं, मान वर केली आणि जिथून काल किंचाळली होती, त्याच जागी जाऊन उभी राहिली.

"नाव मी पुसलं होतं!" ती सगळा जोर लावून ओरडली. "छोटेलालकाकांवर मी खोटा आळ घेतला! माझं चुकलं! त्यांची टपरी उचलू नका!"

टपरी उचला म्हणणाऱ्यांपैकी एकालाही तिच्याकडे बघवेना.

"शाबास, पोरी," बकारामकाका म्हणाले, आणि या वेळी त्यांनी पाठीवर थाप मारली नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चोर पकडण्यापरीस हे भारी काम केलं तू."

छोटेलालनं टपरीची फळी उघडली आणि पाण्याचा पहिला ग्लास तिलाच दिला.