चातुर्मासातले कांदे

आषाढी एकादशीच्या सकाळी आईने मला सहा कांद्यांसकट घराबाहेर काढलं.

तशी चूक माझीच होती. दोनच दिवसांपूर्वी, कांदेनवमीला, आमच्याकडे भजी, थालीपीठ, भरलेले कांदे असं सगळं साग्रसंगीत करून घरातला शेवटचा कांदा संपवला होता. आता थेट कार्तिकापर्यंत कांदा-लसूण बंद. आमच्या चार पिढ्या ग्वाल्हेरच्या दौलतगंजात गेल्या, शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे, पण चातुर्मास पाळावा तर आमच्या आईने. आणि मी शहाणी तिच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याने भरलेले सहा पेले मांडून, प्रत्येकाच्या तोंडावर काड्या टोचलेला एकेक कांदा बसवून मोकळी झाले होते.

"अगं, खायला नाहीत. मुळं फुटायला ठेवलेत," मी म्हटलं. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते. "मुळाच्या टोकाशी पेशी विभागताना दिसतात. सकाळी आठच्या सुमाराला टोकं कापावी लागतात, तेव्हा सगळ्यात जास्त दिसतात. कॉलेजात ठेवले तर उंदीर खातात."

"खाऊ देत. उंदरांना चातुर्मास नसतो," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आई म्हणजे मंदाताई. बाबा गेल्यापासून घर आणि घराचे नियम दोन्ही एकटीने सांभाळणारी. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मला सव्वीस वर्षांत चांगलं कळलं आहे.

ट्रे सांभाळत मी गल्लीत उतरले. पाऊस भुरभुरत होता. समोरच्या दारातून एक माणूस पाठमोरा, कागदांची लांबलचक गुंडाळी ओढत बाहेर येत होता, आणि मी पेल्यांकडे बघत चालत होते. व्हायचं तेच झालं. ट्रे कलंडला, एक पेला फुटला आणि कांदा उडाला... तो त्याने डाव्या हातात झेलला.

"आउट," तो हळूच म्हणाला. मग हातातल्या कांद्याकडे बघून, "सॉरी हं. पण हे काय आहे? मतलब, कांद्यांना सलाईन लावलंय का?"

"तुम्ही मराठी?"

"हेमेंद्र खराडे. घर थाटीपुरात, इथे वर ऑफिस घेतलंय. किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी नकाशे काढतो."

"तुमच्यात चातुर्मासात कांदा चालतो?"

"आमच्यात? मॅडम, कांदा नसेल तर रविवारी मटण कशात शिजणार?"

मी ट्रे सरळ त्याच्या हातात दिला. अनोळखी माणसाला एकदम कांदे सोपवणं बरं दिसत नाही, पण त्याचे डोळे हसरे होते आणि मला दुसरा इलाज नव्हता.

"रोज पाणी बदलायचं. ऊन नको. बुडाला हात लावायचा नाही," मी बजावलं.

"आणि फी काय मिळणार?"

"पुण्य."

"चलेगा," तो म्हणाला.

त्याची खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर निघाली. मध्ये गल्ली इतकी अरुंद की, आईने घराबाहेर काढलेले कांदे आता दिवसभर तिच्याच डोळ्यांसमोर होते. ती पोळ्या लाटता लाटता त्यांच्याकडे असं बघायची, जसं काही नको असलेले पाहुणे समोरच्यांकडे उतरलेत.

दर पंधरवड्याला मुलांची नवी तुकडी, म्हणजे नवे कांदे. टोकं कापायला मी सकाळी आठला त्याच्या जिन्यावर. तो त्याआधीच येऊन बसलेला असायचा. ऑफिस नऊला उघडतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्याचं काम मी तिथेच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर आधी त्याच्या हातांच्या प्रेमात पडले. किल्ल्यावरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांची बदकं आहेत, त्यांची रांग तो कागदावर उतरवत होता. एखाद्या बदकाची चोच उडालेली असेल तर तशीच उडालेली काढायचा. "मनाने जोडायचं नाही. जे आहे ते नीट बघायचं, बस," तो म्हणायचा. तेव्हा त्याची मान जराशी तिरकी व्हायची, आणि शर्टाच्या कॉलरशी एक जुना पांढुरका व्रण दिसायचा. मी विचारलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी त्याने विचारलं, "पेशीला भिंत असते का? किल्ल्यासारखी?"

"कांद्याच्या पेशीला असते. पण खरी राखण भिंतीच्या आतला पातळ पडदा करतो. काय आत घ्यायचं, काय बाहेर काढायचं, तोच ठरवतो. आमच्या घरचा तो पडदा म्हणजे आई."

त्याने समोर पाहिलं. आईने खिडकीचं एक दार ओढून घेतलं.

"मग अशा पडद्यातून आत जायचं कसं?"

"एक तर फार लहान असावं. नाहीतर ओळख लागते. पडद्यात दारं असतात, ती ओळख पटल्याशिवाय उघडत नाहीत."

"ओळख... होईलच की हळूहळू," असं म्हणत तो माझ्याकडे बघत राहिला आणि पेल्यातलं पाणी स्वतःच्या बुटावर ओतलं.

मी हसू दाबून कांद्यांकडे वळले. "हेमेंद्र, इथे पाचच आहेत."

"अच्छा, सुनो... काल रविवार होता. भाजीवाला आला नाही."

"माझा कांदा मटणात घातलास?" मी पहिल्यांदा त्याला 'अरे-तुरे' केलं.

"मुळं कापूनच घातला, माँ कसम. मुळं ठेवलीत तुझ्यासाठी," तो म्हणाला आणि वाटीत पाण्यात ठेवलेली मुळं खरंच पुढे केली. यावर रागवायचं तरी कसं?

भाद्रपदातल्या एका शनिवारी मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. ज्यांची त्याने इतकी सेवा केली, त्यांच्या पोटात काय आहे ते त्याला दाखवायचं होतं. टोक काचपट्टीवर ठेवलं, लाल रंग चढवला, वर पातळ काच. "आता टिपकागद ठेवून अंगठ्याने दाब. सरळ खाली. काच सरकली तर सगळं गेलं."

त्याने अंगठा टेकवला. मी माझा त्यावर ठेवला. काच सरकली नाही, पण आम्ही दोघंही जरा जास्त वेळ तसेच उभे राहिलो.

मग त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी शेजारून सांगत होते. ते लाल धाग्यांचं गुंडाळं म्हणजे गुणसूत्रं. आधी ती जाड होतात, मग मध्यावर येऊन ओळीत उभी राहतात, मग दोन्ही टोकांकडून धागे येतात आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढून नेतात. एकाच्या दोन पेशी. चूक जवळजवळ होतच नाही. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी दर वेळी मला भरून येतं. आपण सगळे एका पेशीपासून असेच झालो.

"क्या बात है," तो पुटपुटला. मग म्हणाला, "आणि थांबायचं कधी, हे कसं कळतं हिला?"

"आपल्या शरीरात शेजारच्या पेशी टेकल्या की कळतं. निरोप येतात. बिघाड झाला तर आतूनच ब्रेक लागतो. आणि ज्या पेशीला कळेनासं होतं ना, तोच कॅन्सर. वर्गात मी सांगते, तो म्हणजे लग्नघरातला पाहुणा, कार्य उरकलं तरी जायचं नाव घेत नाही."

वर्ग या वाक्याला नेहमी हसतो. तो हसला नाही.

"पाहुणा नसतो गं तो," त्याने डोळा न काढता म्हटलं. "घरचाच असतो. म्हणून तर काढणं इतकं अवघड."

मग त्याने सांगितलं. मानेत गाठ आली होती. लिम्फोमा, कॅन्सरचाच एक प्रकार. तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सहा महिने दिल्लीला औषधं, केस गेले, किल्ल्याचा चढ अजून अर्ध्यात बसल्याशिवाय चढवत नाही. दिवाळीनंतर पाच वर्षं पुरी झाल्याची शेवटची तपासणी.

"एक औषध सदाफुलीतून काढलेलं होतं म्हणे," तो म्हणाला. "ते काय करतं?"

आमच्या गच्चीत सदाफुली आहे. आई रोज तिची फुलं देवाला वाहते. शिकवायची सवय कामाला आली. "ते ओढून नेणारे धागे तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रं मध्यावर येऊन थांबतात. पेशी दोन होऊ शकत नाही."

"मतलब, माझ्यात त्या तशाच उभ्या राहिल्या." तो किंचित हसला. "सीमंतिनी, मला तुला एक विचारायचं आहे. पण रिपोर्ट आल्यावर. चांगला आला तर विचारीन. नाही आला तर... नाही विचारणार. तुला अडकवायचं नाही मला."

"आणि मला काय वाटतं, ते?"

"म्हणूनच तर तेव्हापर्यंत तूही काही बोलू नकोस," तो म्हणाला आणि काचपट्टी जपून माझ्या हातात दिली.

मला फार राग आला. माणूस स्वतःहून सकाळी आठला येऊन बसतो, माझ्या कांद्यांचं पाणी बदलतो, आणि ऐन वेळी सांगतो की थांब. दिवाळीपर्यंत मी त्याच्याशी तुटक बोलले आणि रात्री रडले. त्या पाहुण्याचं वाक्य मात्र वर्गात पुन्हा कधी बोलले नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी घरी आले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा पेले. कांद्यांसकट. आई त्यातल्या एकाचं पाणी बदलत होती. मला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो.

"हेमेंद्र दिल्लीला गेला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ट्रे घेऊन दारात आला. कशाला जातोस विचारलं, तर सांगितलं सगळं. खोटं बोलायला जमत नाही त्याला."

"पण आई, चातुर्मास..."

"खायचा नाही एवढंच आहे. ठेवायचा नाही असं कुठे लिहिलंय?" तिने पेला जागेवर ठेवला. "सीमू, तुझं काय ठरलंय?"

"त्याचं ठरेना. म्हणतो, रिपोर्ट बघून."

आईने समोरच्या खिडकीकडे पाहिलं. "माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिका बघितली होती. गुण इतके जुळले की गुरुजी म्हणाले, सोन्यासारखा संसार होईल. झालाही. पण तुझे बाबा चाळिशीत गेले." तिने डोळे पुसले नाहीत, पदर नुसता हातात धरला. "आधी कळलं असतं, तरी मी त्यांच्याशीच केलं असतं. जा, हात धू, जेवायला बस."

कार्तिकी एकादशीला तो परतला, ट्रे घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सकाळी अकरा वाजता डॉक्टरांचा फोन येणार होता. मी साडेदहाला त्याच्या जिन्यावर होते.

तो टेबलाशी बसला होता. समोर फोन, त्याखाली बदकांचा नकाशा. चेहरा उतरलेला.

"आत्ता विचार," मी म्हटलं.

"सीमंतिनी, अर्धा तास तर राहिलाय—"

"फोन आल्यावर विचारलंस तर मी नाही म्हणणार."

त्याने मान वर केली.

"खरंच सांगते," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला आल्यावर कुणीही हो म्हणेल. मला ते 'हो' म्हणायचं नाही. तूच म्हणतोस ना, जे आहे ते नीट बघायचं? मी बघितलंय. तुझा व्रण बघितलाय, चढावर बसतोस ते माहीत आहे, माझा कांदा खाल्लास तेही माहीत आहे. तू मला आवडतोस. फार आवडतोस. आता विचार, नाहीतर मी चालले."

तो उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्या सदाफुलीच्या औषधाने पेशी जशी मध्येच थांबते, तसाच थांबला एक क्षण... आणि मग बोलला.

"माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

खिडकीत भांडं आपटल्याचा आवाज आला. समोर, हातभर अंतरावर, आई उभी होती. किती वेळ, देव जाणे.

"सीमू, येताना ते कांदे घेऊन ये," ती म्हणाली. "द्वादशी आहे, आजपासून चालतो. भजी करते. आणि त्याला जेवायला आण."

"काकू, फोन यायचा आहे अजून," हेमेंद्र कसाबसा म्हणाला.

"येईल तेव्हा येईल. भजी गार होतात," आई म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात, अकरा वाजायच्या आधीच, फोन वाजला. त्याने एका हाताने उचलला, दुसरा माझ्या हातात होता. तो "जी... जी, डॉक्टर साहब," एवढंच म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर तो खिडकीच्या चौकटीला टेकला आणि रडायला लागला, आणि मला कळेना, याचा अर्थ काय घ्यायचा.

"साफ आहे," तो शेवटी म्हणाला. "सगळं साफ आहे, सीमू."

मीही रडले, हसलेही. मग आम्ही दोघांनी मिळून ट्रे उचलला आणि समोरच्या घरी निघालो. माझं 'हो' फोनच्या आधीचं होतं, आणि आईची भजीसुद्धा.