एलोइसाचा खांब

“उतर बरं खाली. उद्या हा खांब भंगारात जाणार,” इंजिनियर सोतोमायोर म्हणाले आणि निघून गेले.

गलबतांचे दोर बांधायच्या त्या ठेंगण्या लोखंडी खांबावर बसलेली एलोइसा हलली नाही. वाल्पाराईसोच्या धक्क्यावर पर्यटकांसाठी नवा रस्ता होत होता. खांबाभोवतीची फरशी सकाळीच उखडली होती.

तिची आई दक्षिणेकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण होती. जहाज बंदरात शिरलं की आई डेकवर येऊन आधी हा खांब शोधायची. एलोइसा मावशीकडे राहायची. वर्गातली मुलं सुट्टीत गावोगावी गेली होती. जहाज येणार नसलं तरी ती रोज संध्याकाळी इथे येऊन बसायची.

यंदा शेजारी सान्तियागोहून बाल्तासार आणि त्याची बहीण माइते आले होते. तेही रविवारी परत जाणार होते.

“दुसऱ्या खांबावर बस की,” बाल्तासार म्हणाला.

“आईला हाच माहीत आहे.”

माइते उखडलेल्या खड्ड्यात वाकली होती. “याला कान कसा?”

खांबातून एक जाड लोखंडी दांडा आडवा बाहेर आला होता. तिघांनी शिंपल्यांनी माती खरवडली. दुसऱ्या बाजूलाही तसाच दांडा निघाला.

“आर्तियेरिया टेकडीवरच्या तोफांना असेच कान आहेत,” बाल्तासार हळूच म्हणाला. “ही तोफ आहे. तोंड वर करून पुरलीय.”

“तोफ कोण पुरेल?” एलोइसाने विचारलं.

“निकामी झाली असेल. मग गलबतांचे दोर बांधायला वापरली.”

“तू निकामी झालास की तुलाही पुरू,” माइते म्हणाली. “दोन कान आहेतच.”

तिघं धावत इंजिनियरकडे गेली. त्यांनी मानही वळवली नाही. “गंज आहे तो. जा, खेळा.”

माइते विचारात पडली. मग म्हणाली, “हे ऐकत नाहीत ना? ऐकायला पैसे मोजून येणारी माणसं आहेत की.”

एलोइसाची बेर्तामावशी पर्यटकांची होडी चालवायची आणि भोंग्यावरून बंदराचा इतिहास सांगायची. मुलांनी दाखवलेला खड्डा बघून ती एवढंच म्हणाली, “इतकी वर्षं मी हिच्यावर टोपली ठेवतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक फेरीत भोंगा सांगू लागला, “उजव्या हाताला पुरलेली तोफ. शोधली आपल्या तीन मुलांनी.” उतरलेली माणसं थेट खड्ड्याकडे जायची. ट्रक आला तेव्हा फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी होती, की त्याला आत शिरता येईना. गर्दी कसली म्हणून संग्रहालयाच्या बाईही आल्या. त्या खड्ड्यात उतरल्या, दोन्ही कान हातांनी चाचपले आणि उठून म्हणाल्या, “शाबास रे पोरांनो. सोतोमायोर, ट्रक परत पाठवा.”

सोतोमायोर एलोइसाला म्हणाले, “माझंच चुकलं. मी वाकून बघायला हवं होतं.”

रविवारी सकाळी बाल्तासार आणि माइतेची बस गेली. संध्याकाळी एलोइसा धक्क्यावर आली. तोफेभोवती साखळी लागली होती आणि एक पहारेकरी उभा होता. लोक फोटो काढत होते. त्यांतलं कुणी तिला ओळखत नव्हतं.

आईचं जहाज आत शिरलं. डेकवर आई दिसली. तिची नजर तोफेवर आली, तिथे कुणी नाही असं पाहून पुढे गेली, पुन्हा मागे आली. एवढ्या लांब हाक पोचत नाही.

एलोइसा साखळी ओलांडून वर चढली.

“ए पोरी, उतर. तोफ आहे ती.”

“माहीत आहे, काका. आम्हीच शोधली. माझी आई येतेय.”

पहारेकऱ्याने जहाजाकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. डेकवरून एक हात वर झाला.